ती पेटी काय खाते?

प्रिय बापाक,

पाकीट फोडून झालं असेल तर आता खुर्चीत बसा, पत्र लांबलचक आहे. फोनवर तुम्हाला काही सांगायला गेलं की तुम्ही "हं, हं, बरोबर" म्हणता आणि नेमकी तेव्हाच तुमच्या कवड्याला दाणे घालायची वेळ होते. तेही इतक्या प्रेमाने म्हणता की पुढे भांडायची सोय राहत नाही. जावातल्या सगळ्या बापांना हे कुठे शिकवतात देव जाणे. पण इबु सांगते की जहाजावर नोकरीला असताना बायकोची पत्रं तुम्ही इंजिनखोलीच्या जिन्यात उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचात आणि मग घडी करून खिशात ठेवायचात. त्या भरवशावर हा कागद पाठवते आहे. पिंजरा दांडीवर चढवून झाला असेल तर कवड्याला जरा वेळ एकट्यालाच घुमू द्या.

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधे कुठे चिडल्यासारखी वाटले तर समजून घ्याल. आमचा संगणकावरचा खेळ पुढच्या महिन्यात लोकांच्या हातात जायचा आहे आणि आमच्या कचेरीत सगळ्यांचे चेहरे उकडलेल्या रताळ्यासारखे झालेत. त्यात रमजान. बांडुंगची हवा गार, त्यामुळे इथे रोजा तसा सोपा जातो, तरी दुपारी घसा सुकला की तुमचीच आठवण येते. माझी तहान संध्याकाळच्या अजानला संपते. मग नारळाच्या दुधातलं गोड कोलाक येतं, सरबत येतं, कुणीतरी तळलेला टेंपे आणतं, आणि पाच मिनिटांत मी तहान विसरूनही जाते. तुमची संपत नाही. दिवसभराला एवढासा पेला, त्यातच गोळ्या गिळायच्या, आणि उरलेली तहान बर्फाच्या खड्यावर काढायची. डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हटल्यावर तुम्ही तोंड पाडून बसला होतात, तेव्हा इबु म्हणाली होती, "अहो, तुमचा बारा महिने रोजाच चाललाय, आणखी कुठला धरताय?" आपण तिघंही हसलो होतो. यंदा मला त्याचं हसू येत नाही.

रक्त धुणाऱ्या त्या यंत्रापाशी बसून तुमचा वेळ जात नाही म्हणून मी तुम्हाला आमचा अर्धाकच्चा खेळ टॅबवर घालून दिला, त्याला आता दीड वर्ष झालं. मला वाटलं होतं, आपले बापाक दोन दिवस बोटं मारतील आणि मग पत्त्यांच्या खेळाकडे वळतील. तर तिसऱ्याच दिवशी तुमचा आवाजी निरोप आला. मागे यंत्राची घरघर, नर्सची चप्पल, आणि मधे तुमचा बोटीवरचा चढा आवाज: "अगं न्दुक, ही तुमची 'मेलाती' एवढी मोठी मालबोट, भट्टी तांबडीलाल दाखवलीये, आणि उष्णता जाते कुठं?" मी उत्तर पाठवलं की बाहेर अंतराळ आहे, तिथे मरणाची थंडी असते. त्यावर तुम्ही चक्क हसलात. "अंतराळ म्हणजे थर्मास, पोरी. थर्मासमधला चहा गार व्हायला किती वेळ लागतो? आम्ही समुद्राचं पाणी आत घ्यायचो, इंजिन गार करायचो, गरम पाणी बाहेर सोडायचो. तुझ्या बोटीला समुद्रच नाही. सगळी माणसं मोदकासारखी उकडतील की आत." (मोदक म्हणाला नव्हतात, तुम्ही क्लेपोन म्हणाला होतात. पण शेजारच्या टेबलावरच्या पुणेकर अनघाला मी हा किस्सा सांगितला तेव्हा तिने जो शब्द वापरला तो आता माझ्या तोंडात बसलाय.)

कांग देदेन, म्हणजे आमचा म्होरक्या, पहिल्यांदा वैतागला. तो म्हणाला, "रेत्नो, खेळणारा बंदुका बघतो, उष्णता कोण बघतंय?" पण मला तुमचा प्रश्न झोपू देईना. मी 'मेलाती'ला उष्णता फेकणारे मोठे पंख लावायला लावले, माशाच्या परांसारखे. चित्रकारांनी मला मनापासून शिव्या दिल्या. आणि मग गंमत बघा, त्या पंखांनीच खेळात जीव आला. शत्रूच्या नजरेतून सुटायचं तर पंख मिटावे लागतात, आणि पंख मिटले की आत उकाडा वाढत जातो, दिवे पिवळे होतात, माणसं कपडे सैल करतात, आणि खेळणाऱ्याला ठरवावं लागतं की आणखी किती वेळ सोसायचं. आता देदेन पाहुण्यांना पहिल्यांदा तेच दाखवतो आणि कल्पना आपलीच असल्यासारखं बोलतो. मी त्याला तुमचं नाव घ्यायला लावते.

मग तुम्ही सुटलातच. उजेडाचे पडदे आम्ही दारं म्हणून लावले होते, ते तुम्ही काढायला लावलेत. "वीज गेली की दार गेलं? दार म्हणजे दार पाहिजे, आणि त्याला हाताने फिरवायचं चाक पाहिजे." शंभर वर्षं न बदलणारी बॅटरी काढलीत. हवा शुद्ध करणारी हिरवी कांडी काढलीत. तुमची एकच कसोटी असायची, प्रत्येक यंत्राला तोच प्रश्न: हे खातं काय आणि टाकतं काय? जे काहीच खात नाही आणि काहीच टाकत नाही, ते यंत्र नव्हे, ती थाप. मी मात्र एका गोष्टीची धास्ती घेऊन बसले होते. 'मेलाती'वर सगळे जमिनीवर चालावं तसे चालतात, कुणी तरंगत नाही, आणि त्याला काहीएक कारण नाही. हे तुमच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. शेवटी मीच विचारलं. तुम्ही म्हणालात, "ते बघितलं मी पहिल्याच दिवशी. राहू दे. एका जहाजाला एक थाप माफ. सगळंच खरं करायला गेलीस तर लोक खेळायचं सोडून परीक्षेला बसतील." हे वाक्य मी कागदावर लिहून कचेरीच्या भिंतीवर चिकटवलं आहे. येणारे जाणारे वाचतात आणि हे कोण म्हणून विचारतात.

त्या दिवसांत तुम्ही यंत्रावर जायला कुरकुर करत नव्हता. इबु सांगायची की सकाळी स्वतःच सदरा चढवून तयार असतात, टॅब पिशवीत घातलाय ना ते दोनदा बघतात. मी सुट्टीला आले तेव्हा तुमच्या हातावरच्या, यंत्र जोडण्यासाठी फुगवलेल्या शिरेला कान लावला होता, आत बारीक घरघर चालू होती. "इंजिन चालू आहे," म्हणालात. आणि आंब्याचा तो प्रकार आठवतो? आपल्या परसातला मनालागी तुम्हाला बंद, एका फोडीपलीकडे नाही, आणि इबुला कवड्याच्या पिंजऱ्याखाली चाटून पांढरी झालेली कोय सापडली. "कवडा कधीपासून आंबा चोखायला लागला?" असं तिने विचारलं तर तुम्ही छताकडे बघत होतात. ती महिनाभर तुम्हाला कवडाच म्हणत होती.

मग पाक सामिन गेले. तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचे, मासळीच्या लिलावात ओरडून ओरडून घसा बसलेले पाक सामिन. तुम्ही मला काही सांगितलं नाहीत. तुमच्या निरोपात फक्त एवढंच होतं की आज शेजारची चादर बदललीये, नवा माणूस लहान वयाचा आहे. आणि त्याच निरोपात, त्याच आवाजात, तुम्ही त्या पेटीचं काढलंत.

पेटी म्हणजे आमची उपचारपेटी. खेळात कुणी जखमी झालं, अगदी मरायला टेकलं, की त्याला तिच्यात झोपवायचं, झाकण लावायचं, निळा उजेड पडतो आणि माणूस ताजातवाना होऊन बाहेर येतो. असल्या सगळ्याच खेळांत असते तशी, म्हणून आमच्यातही. त्यावर कुणी कधी विचार केला नव्हता, मीसुद्धा. तुम्ही म्हणालात, "न्दुक, ही पेटी काय खाते? माणसाच्या अंगातलं गेलेलं ती भरून देते, तर आणते कुठून? टाकते काय? मी इथे रोज बघतो. एक पेटी माझं रक्त धुते, त्यासाठी पिंपंच्या पिंपं पाणी पिते, पिशव्याच्या पिशव्या घाण टाकते, आणि तरी मला बरं करत नाही, फक्त परवापर्यंत ढकलते. तुझी पेटी फुकटात बरं करते. ती काढून टाक. ती बघवत नाही मला."

ती बघवत नाही, हे तुम्ही याआधी कुठल्याच यंत्राबद्दल म्हटलं नव्हतंत.

त्यानंतर आठवड्याभरात इबुचा फोन आला की तुम्ही यंत्रावर गेलाच नाहीत. बस चुकली म्हणालात. पुढच्या वेळीही चुकली. प्रोबोलिंगोत राहून चाळीस वर्षं झाली तरी तुमची बस कधी चुकली नव्हती. इबु शोधत बंदरावर गेली तर तुम्ही धक्क्यावर बसून मदुरा बेटाहून येणाऱ्या बोटींचा धूर बघत होतात, आणि पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मी मिळेल ती गाडी पकडून आले. तुम्ही मला काय म्हणालात ते आठवतं? "मी आता त्या यंत्राचा सुटा भाग झालोय. दर वेळी काढतात, लावतात." मी खूप रडले आणि तुम्ही गेलात परत यंत्रावर, पण माझं समाधान करायला. ते मला कळत नव्हतं असं नाही. मग डॉक्टरबाईंनी आपल्याला समोर बसवून दुसरा रस्ता सांगितला, घरातल्या कुणाचं मूत्रपिंड जुळलं तर. इबुचा रक्तदाब बघता ती बाद. राहिले मी एकटी. तुम्ही मला तोंड उघडू दिलं नाहीत. "माझ्या पोरीच्या अंगातलं काही काढायचं नाही. माझं जगून झालंय," म्हणालात, डॉक्टरबाईंना दोन्ही हात जोडून नमस्कार केलात आणि बाहेर पडलात. तुम्ही इतके अदबीने नाही म्हणता की त्या बिचाऱ्या बाई उलट तुमचीच माफी मागत होत्या.

मी बांडुंगला परत आले आणि कामाला लागले, दुसरं काय करणार. पेटीचा प्रश्न तसाच होता. देदेनला ती काढायची नव्हती, कारण पेटी काढली तर निम्म्या खेळणाऱ्यांचा खेळ पहिल्याच लढाईत संपेल. मला ती तशी ठेवायची नव्हती. काही दिवस मी नुसती बसून असायचे. डोकं असं जड की कॅन्टीनमधली बाई विचारायची, पोरी, घरी सगळं ठीक ना. मी हो म्हणायचे. शेवटी तुमचीच कसोटी लावली. पेटी माणसाला जे देते ते आणते कुठून? दुसऱ्या माणसाकडून. एवढं साधं. मी एका पेटीच्या जागी शेजारी शेजारी दोन खाटा टाकल्या. एका खाटेवर जखमी, दुसऱ्यावर देणारा. देणारा मरत नाही, पण त्याचं काही जातं ते जातंच. काही काळ तो हळू चालतो, जड उचलू शकत नाही, अंगावर एक व्रण राहतो तो खेळ संपेपर्यंत राहतो. आणि कुणी द्यायचं ते पेटी ठरवत नाही. देदेन म्हणाला, "लोक शिव्या घालतील." मी म्हटलं, "घालू दे."

खेळणाऱ्याचं पात्र म्हणजे 'मेलाती'वरची तरुण यंत्रदुरुस्तीवाली, हे तुम्हाला माहीतच आहे. तिसऱ्या अंकात मी जहाजाच्या कप्तानाला जखमी केलं. कप्तान म्हणून मुद्दाम म्हातारी बाई घातली, नाहीतर तुम्हाला वास लागला असता. पोरगी दुसऱ्या खाटेवर झोपायला तयार होते आणि म्हातारी म्हणते, नको, माझं जगून झालंय. बस, एवढंच. मग तिला तिथेच सोडून पुढे जायचं, की तिच्याशी भांडत बसायचं, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. आम्ही खेळ चाचणीला दिला तेव्हा बाहेरून आलेली पोरं पडद्याकडे बघून अक्षरशः ओरडत होती, "ओढा तिला आत, ऐकू नका तिचं!" एक धिप्पाड पोरगा डोळे पुसत होता आणि सर्दी झाली म्हणत होता.

मग मी तो अंक तुम्हाला पाठवला. चाचणीसाठी म्हणून. खरं सांगायचं तर निम्मा चाचणीसाठी. तुमचा निरोप आला तेव्हा मी कचेरीच्या गच्चीवर जाऊन ऐकला. आधी पेटीचं बोललात: "आता बरोबर आहे. आता पटलं. खाते काय ते दिसलं, टाकते काय ते दिसलं. हे यंत्र असू शकतं." आणि मग तुमचा आवाज चढला, मागून नर्स हळू बोला म्हणाली तरी. "पण ही कप्तानीण अगदीच मूर्ख बाई आहे गं. जगून झालंय म्हणे! जहाज काय हिच्या एकटीचं आहे? ती मुलगी धडधाकट आहे, जाणती आहे, देते म्हणतेय, तर देऊ दे ना तिला. नाही म्हणून ही तिचं काय वाचवतेय? उलट जन्मभराचं ओझं टाकून चाललीये पोरीच्या डोक्यावर. मी असतो तर कानाला धरून झोपवली असती हिला."

बापाक, हा निरोप मी किती वेळा ऐकला ते विचारू नका. तुम्हाला तुमचं वाक्य ओळखू आलं नाही, यावर आधी माझा विश्वासच बसेना. मग वाटलं, माणसाला स्वतःचा आवाज कुठे ओळखू येतो.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मी इथे बांडुंगला सगळ्या तपासण्या करून घेतल्या आहेत. तुम्हाला न विचारता केल्या, पण माझ्याच अंगाच्या केल्या, त्याला तुमची परवानगी लागत नाही. रक्तगट आपला एकच आहे, हे तर तुम्हालाही ठाऊक आहे. माझी दोन्ही मूत्रपिंडं उत्तम आहेत, रक्तदाब, साखर, सगळं जागच्या जागी. एका डॉक्टरने मला बसवून तासभर उलटसुलट प्रश्न विचारले, कुणी दडपण आणलंय का, वडिलांनी भरीस घातलंय का. तेव्हा मला इतकं हसू आलं की त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय. मला काही होणारच नाही असं मी म्हणत नाही. तशी फुकटची पेटी तुम्ही मला खेळात कधी ठेवूच दिली नसती. व्रण राहील, काही आठवडे मी हळू चालेन, पुढे जन्मभर अधूनमधून तपासून घ्यावं लागेल. मला भीती वाटते, तीही सांगते. पण धक्क्यावर तुमचे सुजलेले पाय बघितले तेव्हा जेवढी वाटली होती तेवढी नाही. आता एकच तपासणी राहिली आहे, आणि तिला दोघांचं रक्त लागतं. ती जुळेल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. जुळली नाही तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आणि तुम्ही मुकाट्याने यंत्रावर जात राहायचं. लेबारानच्या, ईदच्या सकाळी दर वर्षी माफी मागायला बसते तशी तुमच्यापुढे गुडघ्यांवर बसून तुमच्या गुडघ्यावर डोकं टेकवीन. त्या वेळी तुम्ही कुणालाच नाही म्हणत नाही, शेजारचा तो चोरटा बाम्बांग आला तरी म्हणत नाही. यंदा मी माफी मागणार नाही, या सगळ्याला तुमचा होकार मागणार आहे. म्हणून आधी लिहिलं, म्हणजे डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी विचार करायला तुम्हाला वेळ मिळेल, आणि ऐन वेळी कवड्याला दाणे घालायला उठता येणार नाही. आणखी एक. मी डॉक्टरांना विचारलं की आपल्या दोघांच्या खाटा शेजारी शेजारी ठेवाल ना. ते म्हणाले, नाही, दोन वेगळ्या खोल्या असतात, मधे भिंत असते. खेळात मात्र मी खाटा शेजारीच ठेवणार आहे. तेवढी एक थाप माफ करा.

तुमचीच, तुमच्या 'हो'ची वाट बघणारी,
रेत्नो